जुन्या शस्त्रांची साक्ष

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासाला शास्त्रीय स्वरूप प्राप्त झाले ते कागदपत्रांच्या चिकित्सेमुळे. १८९८ मध्ये वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. कागद, शाई, अक्षराचे वळण, मायना, शिक्का-मोर्तब व तिथी यांची तपासणी केल्यावाचून कोणतेही पत्र अस्सल मानावयाचे नाही, ही शिस्त पुढे अभ्यासकांच्या अंगवळणी पडली. शस्त्रांच्या बाबतीत मात्र ती क्वचितच पाळली जाते. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली तलवार एवढे सांगितले, की तिचा काळ, देश आणि धनी या तिन्ही गोष्टी सिद्ध झाल्या असे समजण्यात येते. वस्तुतः शस्त्र हेही इतिहासाचे साधनच होय. आणि साधन म्हटले, की त्याची साक्ष पारखून घेणे ओघानेच आले.

ही पारख करताना ध्यानात ठेवावयाची पहिली गोष्ट अशी, की जुने शस्त्र ही बहुधा एका काळाची, एका हातची वस्तू नसते. भारतीय तलवारीची घडणच याला कारण आहे. पात्याचे मुठीत शिरणारे टोक सामान्यतः राळ वा लाख यांच्या मिश्रणाने पक्के केलेले असते. मूठ तापविली की हे मिश्रण मऊ होते आणि पाते सुटून येते. त्यामुळे मोडक्या पात्याच्या जागी नवे पाते बसविणे किंवा चांगल्या जुन्या पात्याला नव्या घाटाची मूठ चढविणे हे शिकलगाराचे नित्याचे काम होते. आजोबांचे पाते नातवाच्या काळच्या मुठीत नांदत असेल, तर त्यात बनावटपणा काहीच नाही. ती त्या शस्त्राच्या दीर्घ आयुष्याची खूण आहे. परंतु मुठीवरून पात्याचा काळ ठरविणारा अभ्यासक अशा वेळी हमखास फसतो.

‘फिरंग’ या नावाने ओळखली जाणारी तलवार हे याचे उत्तम उदाहरण होय. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावरून युरोपीय पाती दख्खनेत मोठ्या प्रमाणावर येऊ लागली. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मालातही तलवारीची पाती होती. ही पाती लांब व सरळ असून त्यांवर बहुधा उभ्या पन्हळी असतात. त्यांना येथील कारागिरांनी येथल्याच पद्धतीच्या मुठी बसविल्या. हाताचे रक्षण करणारी रुंद परज, आतून गादी आणि दुसऱ्या हाताने धरता यावे म्हणून मुठीच्या टोकास निघालेला लांब दांडा, ही त्या मुठींची लक्षणे. पट्ट्यालाही अशी पाती पुष्कळदा लावलेली आढळतात. दक्षिणेतील अनेक कट्यारींत तर युरोपीय पात्याचा तुकडाच रिवेटांनी जडविलेला दिसतो. अशा शस्त्राला युरोपीय म्हणावे की मराठी, हा प्रश्न उपस्थित होतो. पाते आणि मूठ यांचे जन्मस्थान व काळ स्वतंत्रपणे नोंदविणे आणि त्यांचा संयोग कोठे व केव्हा झाला असावा याचा वेगळा विचार करणे, हेच त्याचे योग्य उत्तर होय.

पात्यावर नाव वा चिन्ह असेल तर काम सोपे होते, अशी एक समजूत आहे. तीही निर्दोष नाही. धावत्या लांडग्याचे चिन्ह मूळचे पासाऊ येथील कारागिरांचे. परंतु पुढे जर्मनीतीलच सोलिंगेन येथे ते सर्रास कोरले जाऊ लागले. आंद्रेआ फेर्रारा हा सोळाव्या शतकातील इटलीतील बेल्लूनो भागाचा पातेकार; त्याचे नाव त्याच्या मृत्यूनंतरही दीर्घकाळ सोलिंगेनच्या पात्यांवर उमटत राहिले. म्हणजे ज्याचे नाव त्याचीच कृती, असा नियम येथे लागू पडत नाही. ते नाव दर्जाची ग्वाही म्हणून घातलेले असते. भारतीय कारागिरांनीही विदेशी चिन्हांच्या नकला केल्या. त्या नकलांत अक्षरे विस्कळित होतात आणि चिन्हाचा मूळ अर्थ हरपून केवळ आकार उरतो. ज्याने पत्रांतील लेखकांच्या चुका पाहिल्या आहेत, त्याला ही नक्कल ओळखणे अवघड जाऊ नये.

हस्तकारागिरीच्या या वस्तूंपेक्षा कारखान्यात तयार झालेली संगीन अधिक बोलकी असते, हे खरे. १९०७ च्या नमुन्याच्या ब्रिटिश संगिनीचे पाते सुमारे १७ इंच लांब असे आणि मुठीलगतच्या सपाट भागावर राजमुद्रा, नमुन्याचे वर्ष, कारखान्याची खूण आणि निर्मितीचा महिना व वर्ष ठोकलेले असत. बंगालमधील ईशापूर येथील कारखान्यातही अशा संगिनी तयार झाल्या. आरंभीच्या संगिनींच्या परजेला पुढे वळलेला आकडा असे. १९१३ मध्ये तो वगळण्यात आला. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे महाराष्ट्रातील एखाद्या घरी अशी संगीन आढळणे अस्वाभाविक नाही. मात्र ती कूतच्या वेढ्यातून आली असे सांगण्यात आले आणि तिच्यावर १९१७ साल ठोकलेले असले, तर ती कथा तेथेच संपते. कारण कूत येथील फौजेने एप्रिल १९१६ मध्येच शरणागती पत्करली होती. उलटपक्षी, ठोकलेले साल हेही अंतिम प्रमाण नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतात यांपैकी कित्येक जुनी पाती कापून सुमारे १२ इंचांची करण्यात आली. अशा संगिनीवर साल पहिल्या युद्धाचे आणि घाट दुसऱ्या युद्धाचा, असा प्रकार दिसतो. फिरंगेच्या बाबतीत जी गोष्ट राळेने घडली, ती येथे कानशीने व करवतीने घडली.

शस्त्राच्या अंगावरील पुराव्याइतकेच महत्त्व त्याच्या प्रवासाला आहे. १६८९ मध्ये अदोनीच्या मोहिमेतून मिळालेली दख्खनी शस्त्रे महाराजा अनूपसिंह यांच्याबरोबर बिकानेरच्या शस्त्रागारात गेली. त्यांपैकी अनेकांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठोकलेले नागरी लेख आहेत. घाटावरून दख्खनी दिसणारी कट्यार राजस्थानात का सापडावी, याचा उलगडा हे बारीक ठिपके करतात. याच्या उलट कथा तंजावरची. तेथील नायकांची व नंतर भोसले राजांची शस्त्रे एकाच शस्त्रागारात जमा झाली होती. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर ते राज्य संपुष्टात आले आणि पुढील दशकात शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक वस्तू मद्रासच्या संग्रहालयात गेल्या, काही विदेशी संग्रहांत पोहोचल्या, आणि उरलेल्या मोडून धातूच्या भावाने विकण्यात आल्या. यामुळे वस्तू नष्ट झाल्याच, शिवाय शिल्लक वस्तूंतील नायककालीन कोणत्या आणि मराठेकालीन कोणत्या हे ठरविण्यास ज्या समूहाचा आधार मिळाला असता, तो समूहच विसकटला. समूहापासून तुटलेले शस्त्र म्हणजे दप्तरातून निखळलेले, तारीख फाटलेले पत्रच होय.

या सर्व विवेचनाची कसोटी पाहावयाची असेल, तर लंडन येथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखांचा विचार करावा. ही वाघनखे जेम्स ग्रँट डफ यांच्या वंशजाकडून १९७१ मध्ये त्या संग्रहालयास मिळाली आणि २०२४ च्या जुलै महिन्यात प्रदर्शनासाठी साताऱ्यास आणण्यात आली. ती शिवाजी महाराजांची म्हणून प्रसिद्ध आहेत, याचा मुख्य आधार म्हणजे स्कॉटलंडमध्ये मागाहून तयार केलेल्या पेटीवरील लेख. हा लेख पत्राप्रमाणे वाचला, तर दोन गोष्टी खटकतात. ज्याच्या वधाचा त्यात उल्लेख आहे त्याला मोगल सरदार म्हटले आहे. परंतु १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी मारला गेलेला अफजलखान हा विजापूरच्या आदिलशाहीचा सरदार होता. तसेच, डफ साताऱ्याचे रेसिडेंट असताना पेशव्यांच्या मुख्य प्रधानाने ही वस्तू दिली, असे त्यात म्हटले आहे. पेशवा हाच मुळी छत्रपतींचा मुख्य प्रधान. आणि डफ यांची साताऱ्यातील कारकीर्द १८१८ ते १८२२ अशी, म्हणजे पेशवाईच्या अस्तकालापासूनची. या कारणास्तव प्रस्तुत वाघनखे महाराजांनी वापरली तीच होत, याची खात्री देता येत नाही, असे स्वतः संग्रहालयाचेही म्हणणे आहे.

यावरून ती वाघनखे खोटी ठरतात असे मुळीच नव्हे. पेटीवरचा लेख हा एकोणिसाव्या शतकातील समजुतीचा पुरावा आहे, १६५९ च्या घटनेचा नव्हे, एवढेच यातून निष्पन्न होते. महाराजांनी वाघनख वापरले, या कथनाचा आधार सभासद बखरीसारख्या लिखित साधनांत शोधावयाचा; लंडनमधील वस्तू तीच काय, हा प्रश्न निराळा. या दोन प्रश्नांची गल्लत केल्याने श्रद्धेचेही भले होत नाही आणि इतिहासाचेही. एका संशयित वस्तूवर घटनेची सत्यता टांगून ठेवली, तर ती वस्तू डळमळताच घटनाही डळमळल्यासारखी भासते.

शस्त्रे संग्रही बाळगणाऱ्यांवर येथे मोठी जबाबदारी येते. खंडेनवमीस शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यामागील भाव आदराचा असला, तरी राख, चिंच वा विटकरीची भुकटी यांनी वर्षानुवर्षे घासलेल्या पात्यावरील जौहर मावळतो, ठिपक्यांचे लेख पुसट होतात आणि सोन्यारुप्याचे काम झडते. बाजारात किंमत यावी म्हणून केलेली झिलई तर त्याहून घातक. गंज थांबविण्यापुरते तेल लावणे, मूठ न उखडणे, लांबी-रुंदी, वजन, चिन्हे व छायाचित्रे यांची नोंद ठेवणे आणि घरात चालत आलेली हकीगत सांगणाऱ्याच्या शब्दांत स्वतंत्रपणे लिहून घेणे, एवढे पथ्य कोणासही पाळता येण्याजोगे आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण आहे आणि खाजगी व्यक्तीस त्या देशाबाहेर नेता येत नाहीत. कायदा वस्तू सीमेवर अडवू शकतो. घरातल्या घरात पुसल्या जाणाऱ्या अक्षरांना तो अडवू शकत नाही.

राजवाड्यांच्या पिढीने गावोगावची दप्तरे वाळवीच्या तोंडून सोडविली, तेव्हा ते कागद बोलू लागले. वाड्यांच्या भिंतींवर आणि देवघरांच्या कोपऱ्यांत असलेली शस्त्रे अद्याप तशा वाचकाच्या प्रतीक्षेत आहेत. कोणाची तलवार, हा प्रश्न घटकाभर बाजूस ठेवून, हिचे पाते कोठले, मूठ केव्हाची आणि ही येथवर कशी आली, असे जो विचारील, त्यालाच ती शस्त्रे उत्तर देतील.