मनूची पहिली बंदूक

काशीस बदली झाल्यावर आम्ही भदैनीस राणी लक्ष्मीबाईंचे जन्मस्थान पाहावयास गेलो. कन्येने विचारले, "बाबा, मनू कोणत्या बंदुकीने नेमबाजी शिकली?"

मोरोपंत तांबे येथे चिमाजी अप्पांच्या पदरी होते. मनू शस्त्रविद्या शिकली ती पुढे ब्रह्मावर्तास. लहानग्यांस सोयीची 'पॉइंट टू-टू' रायफल तेव्हा जन्मासच आली नव्हती. तिचे ०.२२ इंची काडतूस अमेरिकेत निघाले १८५७ साली. त्याच साली ज्या एन्फील्डच्या काडतुसांवरून इकडे ठिणगी पडली, तिची नळी ०.५७७ इंचांची!

पहिली रायफल हलक्या धक्क्याची हवी. कोवळ्या खांद्यास हिसका बसला, की चाप ओढताना डोळा मिटतो नि नेम चुकतो. मनूस ही सवलत नव्हती. तिचा डोळा मात्र मिटला नाही.