नाव पुन्हा पटावर

मृग लागलाय. कुणाची पेरणी सुरू आहे, कुणी आभाळाकडं डोळे लावून बसलंय. याच दिवसांत शाळेची घंटाही वाजते. १५ जूनच्या सुमारास आपल्याकडच्या शाळा उघडतात. दाराला तोरण लागतं, पहिलीच्या लेकरांना फुलं देतात, हातात नवी पुस्तकं ठेवतात. याला प्रवेशोत्सव म्हणतात. आम्ही विष्णुपुरीच्या गटातल्या बाया त्या दिवशी आवर्जून शाळेत जातो.

पण आज आम्हाला पहिल्यांदा शाळेत येणाऱ्या लेकरांबद्दल बोलायचं नाही. जी लेकरं मध्येच गेली आणि परत यायची आहेत, त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी जरा मागं जाऊ.

आपल्या विष्णुपुरीत विद्यापीठ आहे. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ते सुरू झालं. त्याला स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव आहे. स्वामीजी निजामाविरुद्ध लढले हे आपण १७ सप्टेंबरच्या झेंड्याला दरवर्षी ऐकतो. पण लढ्यात पडायच्या आधी ते मास्तर होते, हे कमी सांगितलं जातं. त्यांचं मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत ते मुख्याध्यापक होते, पुढं अंबाजोगाईला योगेश्वरी शाळेत त्यांनी काम केलं.

तेव्हा आपला भाग हैदराबाद संस्थानात होता. वरच्या वर्गांत आणि कॉलेजात सरकारी शिक्षण उर्दूतून चाले. घरात मराठी बोलणाऱ्या पोराला गणित, इतिहास सगळं दुसऱ्या भाषेतून शिकावं लागे. खाजगी शाळा काढायची तर सरकारची परवानगी लागे. म्हणून हिप्परगा, अंबाजोगाई इथल्या शाळांचं मोल मोठं. आणि मुलींचं तर विचारूच नका. मुळात शाळाच थोड्या, त्यात मुलींची पाळी शेवटी.

आता १९३८ सालची गोष्ट ऐका. औरंगाबादच्या कॉलेजच्या वसतिगृहात मुलं ‘वंदे मातरम्’ म्हणू लागली. निजाम सरकारनं बंदी घातली. मुलांनी ऐकलं नाही. हे लोण हैदराबादला उस्मानिया विद्यापीठात आणि इतर कॉलेजांत पोचलं आणि शेकडो विद्यार्थ्यांची नावं काढून टाकली. कुणी शेतकऱ्याचा पोरगा, कुणी कारकुनाचा. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन शिकायला धाडलेली ही पोरं एका दिवसात रस्त्यावर आली.

मग काय झालं? नागपूर विद्यापीठानं त्यांना प्रवेश दिला. संस्थानानं ज्यांची नावं काढली, त्यांची नावं नागपूरनं आपल्या पटावर घेतली. त्या मुलांमध्ये पी. व्ही. नरसिंह राव होते. तेच पुढं १९९१ साली देशाचे पंतप्रधान झाले. नागपूरनं तेव्हा दार लावून घेतलं असतं, तर किती जणांचं शिक्षण तिथंच तुटलं असतं, याचा विचार करा.

पुन्हा १९४७-४८ साली तेच झालं. देश स्वतंत्र झाला, पण आपण नाही. लढ्याच्या हाकेला ओ देऊन पुष्कळ विद्यार्थ्यांनी वर्ग सोडले. रझाकारांच्या भीतीनं कितीतरी कुटुंबं गाव सोडून संस्थानाच्या हद्दीबाहेर गेली. नांदेडकडची माणसं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडात गेली. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झालं, माणसं घरी परतली. पण लेकरांचं बुडालेलं शिक्षण आपोआप परतत नसतं. त्यासाठी कुणीतरी दार उघडून उभं राहावं लागतं. स्वामीजींनी १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभं केलं. आपल्या भागातल्या पोरांना शिकायला हैदराबाद गाठायची गरज राहिली नाही.

हे सगळं सांगायचं कारण वेगळं आहे. मागं आमच्या गटाच्या बैठकीत शाळेचा विषय निघाला. एक ताई म्हणाली, “मी चौथीत होते. दसरा झाला की आई-बाप टोळीबरोबर उसाला निघाले. धाकटा भाऊ सांभाळायला मला नेलं. उन्हाळ्यात परत आलो. जूनमध्ये मैत्रिणी पाचवीत गेल्या. मला कुणी ये म्हटलं नाही, म्हणून मी गेले नाही.”

आम्ही सगळ्या गप्प झालो. तिला शाळेनं हाकललं नव्हतं, बापानं अडवलं नव्हतं. फक्त कुणी बोलावलं नाही. आज ती गटाच्या वहीवर सही करते, पण वही वाचायला लेकीला हाक मारते.

आजही मुकादमाची उचल घेतली की दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता उचलून माणसं निघतात. जूनमध्ये फूल देऊन ज्या लेकराचं स्वागत केलं, त्याची जागा दिवाळीनंतर रिकामी दिसते. म्हणून आम्ही म्हणतो, शाळेचं स्वागत वर्षातून दोनदा करा. एक जूनमध्ये, दुसरं दिवाळीची सुट्टी संपल्यावर.

कायदा आपल्या बाजूनं आहे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ६ ते १४ वर्षांच्या लेकराला त्यात हे हक्क आहेत. शाळा सुटलेली असली तरी वयाप्रमाणे वर्गात बसवावं लागतं. पहिल्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, जन्माचा दाखला नसला किंवा वर्षाच्या मधेच आलं, तरी सरकारी शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या बाया असायला हव्यात. म्हणजे ती खुर्ची आपलीच आहे. तिथं बसून नुसती सही करू नका, विचारा.

काय विचारायचं? टोळ्या निघायच्या आधी विचारा की, मागं राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव केला का? आजी-आजोबांकडं लेकरू ठेवता येईल का? जे जाणारच आहेत, त्यांना शिक्षण हमी कार्ड दिलं का? ते कार्ड दाखवलं की कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं.

आणि एक काम बिनपैशाचं. येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या वस्तीतल्या, शाळा सुटलेल्या लेकरांची नावं लिहा. मुलींची आधी. प्रत्येक नावापुढं एकीनं आपलं नाव लिहायचं. तिनं त्या घरी जायचं, चहा नाही मिळाला तरी चालेल, आणि लेकराला एवढंच म्हणायचं, “उद्या ये, मी दारात उभी राहते.”

१९३८ साली नागपूरनं हेच केलं. आमच्या ताईसाठी हे कुणी केलं नाही. तिच्या नातीवर ती वेळ यायला नको.

येते पुढच्या बैठकीला. तुमच्या वहीत किती नावं निघाली, ते आम्हाला नक्की कळवा.