गेम शोच्या संगीताचा माग

दूरचित्रवाणीवरील गेम शोमध्ये वाजणारी धून मूळची कोणती, ती कोणी रचली, याचा शोध घेणारे संग्राहक प्रामुख्याने ब्रिटन व अमेरिकेत आढळतात. शोधाची गरज पडते, कारण पुष्कळ कार्यक्रमांचे संगीत खास त्यांच्यासाठी रचलेलेच नसते. आधीच ध्वनिमुद्रित केलेले 'लायब्ररी म्युझिक' निर्माते शुल्क भरून वापरतात. पूर्वी या तबकड्या सर्वसाधारण दुकानांत मिळत नसत. श्रेयनामावलीतही रचनाकाराचे नाव बहुधा नसे.

बीबीसीच्या 'मास्टरमाइंड'ची (१९७२) धडकी भरवणारी धून अशीच. केपीएमच्या संग्रहातील ती रचना नील रिचर्डसन यांची. ॲलन हॉकशॉ यांची 'चिकन मॅन' १९७८ मध्ये बीबीसीच्या 'ग्रेंज हिल' या शालेय मालिकेची शीर्षकधून झाली आणि १९७९ मध्ये आयटीव्हीच्या 'गिव्ह अस अ क्लू' या मूकाभिनयाच्या खेळाचीही. दोन प्रतिस्पर्धी वाहिन्या आणि धून एकच!

शीर्षकधून ओळखणे त्यामानाने सोपे. बक्षिसांचे वर्णन चालू असताना निवेदकाचा आवाज आणि टाळ्या यांखाली दबलेले काही सेकंदांचे तुकडे मात्र संग्राहकांना छळतात. जुन्या चित्रफिती पुन्हापुन्हा ऐकून ते तबकड्यांशी ताडून पाहावे लागतात. नाव सापडले, की विस्मृत रचनाकाराला उशिरा का होईना, श्रेय मिळते.

'कौन बनेगा करोडपती'चे (२०००) संगीत मात्र मूळ ब्रिटिश कार्यक्रमासाठी (१९९८) कीथ व मॅथ्यू स्ट्रॅचन या पितापुत्रांनी मुद्दाम रचलेले. प्रश्नागणिक ते अर्ध्या स्वराने चढते. साहजिकच, संग्राहकाला प्रत्येक पायरीचा तुकडा वेगळा मिळवावा लागतो.