टोला, तास आणि घंटा

जीर्णोद्धार समितीने घंटेविषयी चार ओळी लिहून देण्यास सांगितले. घंटेचे माहात्म्य पुराणिकबुवांनी सांगावे. मी कचेरीतला कारकून. माझा संबंध जुन्या दप्तराशी व त्यातील शब्दांशी. तेव्हा शब्दांपुरतेच लिहितो.

'दहाचे टोले पडले' असे आपण म्हणतो. टोला म्हणजे तडाखा, विटीला दांडूने मारतात तोच. म्हणजे नाव आवाजाचे नसून मारण्याचे आहे.

खरी मौज 'तास' या शब्दात आहे. (नांगराने पाडतात ते तास निराळे.) हा तास अरबी-फारसीतून आला, मूळ अर्थ धातूचे पसरट भांडे. पूर्वी वेळ मोजण्यास घटिकापात्र असे. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडीत. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. अहोरात्रीच्या अशा घटका ६०. वाटी बुडताच पहाऱ्यावरचा माणूस काशाच्या जाड थाळीवर टोला देई. ती थाळी म्हणजे तास. पुढे थाळ्या गेल्या, पण नाव ६० मिनिटांना चिकटून राहिले. मुले 'गणिताचा तास' म्हणतात, तेव्हा त्या थाळीचेच नाव घेतात! 'घटका भरली' हेही त्या वाटीवरूनच आले. मिरवणुकीतला ताशाही या तासाचाच भाऊबंद.

घंटा हा शब्द संस्कृतातला. पण देवळांतल्या सर्वच घंटा इथल्या नव्हेत. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चमधील घंटा मराठी मुलखात आल्या. नाशिकला गोदाकाठी १७४७ साली बांधलेल्या रामेश्वर मंदिरात १७२१ सालची अशी घंटा आहे. लोक तिला नारोशंकराची घंटा म्हणतात. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर तर १७०७ हे साल आणि बाळासह मेरीमातेची आकृती आहे. ती कोणी खरवडून काढली नाही, हे मला विशेष वाटते.

आता आपल्या गावचे. जुन्या भांडारात एक तडकलेला काशाचा तास पडून आहे. तो मोडीत घालून नव्या घंटेच्या रसात ओतावा, असे काही मंडळींचे म्हणणे आहे. वजन भरेल फार तर तीन किलो. तेवढ्या काशाची भर घालणारा देणगीदार गावात सहज मिळेल. तास मात्र तसाच सभामंडपातील खुंटीवर टांगावा, अशी समितीस नम्र विनंती आहे. खुंटीचा खर्च मी देतो.