कोड खुला, पण खुर्ची कुणाची?

मुदखेडमध्ये आम्ही वस्तीतल्या मुलामुलींना संगणक शिकवतो. जुनी यंत्रं आहेत, त्यांवर फुकटात मिळणारं लिनक्स टाकलंय. मागे एका मुलीनं विचारलं, "हे सगळ्यांचं आहे म्हणता, मग यात काय असावं ते ठरवतं कोण?"

मित्रांनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १९२३ मध्ये रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनंही तसा ठराव केला. तरीही २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना हजारो लोकांसह चवदार तळ्यावर चालत जावं लागलं. कारण खुलं असल्याचं जाहीर करणं वेगळं आणि तिथं आपला हक्क चालणं वेगळं.

ओपन सोर्सचंही तसंच आहे. कोड कुणीही वाचावा, वापरावा, बदलावा. पण पैसा कुठं खर्च करायचा, संस्थेचं नाव कुणी वापरायचं, नियम कोणते, हे संचालक मंडळ ठरवतं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्याचा कारभार पाहणारं विकिमीडिया फाउंडेशन अमेरिकेत स्थापन झालं २० जून २००३ रोजी. म्हणजे संस्थेच्या आधी मराठी हजर होती! पण विश्वस्त मंडळात पहिली भारतीय व्यक्ती, मुंबईच्या बिशाखा दत्ता, २०१० मध्ये आल्या, तेही नेमणुकीनं. त्यांच्या योग्यतेबद्दल वाद नाही. भारतातला माणूस तिथं बसायला सात वर्षं का लागली, हा प्रश्न आहे.

यावर ठरलेलं उत्तर येतं: इथं गुणवत्ता चालते, प्रदेश कशाला मोजता? आरक्षणाच्या वादात हे वाक्य आपण हजारदा ऐकलंय. खरं म्हणजे या संस्था मोजतातच. ग्नोम फाउंडेशनच्या संचालक मंडळात एकाच कंपनीशी संबंधित लोक ४० टक्क्यांहून जास्त असू शकत नाहीत. कंपनीची मक्तेदारी ओळखता येते, मग प्रदेशाची का ओळखता येत नाही? इंटरनेटवरच्या नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ओपन सोर्स संस्था नाही, पण तिनं जग पाच प्रदेशांत वाटलं आणि संचालक मंडळात प्रत्येक प्रदेशाला लेखी नियमानं स्थान दिलं. त्यानं इंटरनेट काही बंद पडलं नाही.

दुसरा अडसर मताधिकाराचा. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी दाखवून दिलं की मताधिकाराची अट वरची ठेवली की अस्पृश्य यादीबाहेरच राहतात. आपली बाजू दुसऱ्या कुणी मांडून भागत नाही, आपला माणूस तिथं हवा, हेही त्यांनी सांगितलं. आता ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशन पाहा. तिची सभासद वर्गणी वर्षाला १५ पौंड. लंडनमध्ये ती किरकोळ असेल, मुदखेडच्या शेतमजुराला त्यासाठी कित्येक दिवस राबावं लागेल. २०२० मध्ये या संस्थेनं वाट मोकळी केली: वर्षात ४२ दिवस नकाशावर काम करणाऱ्याला वर्गणी न भरता सभासद होता येतं. इथं पैशाऐवजी श्रम ही पात्रता ठरली.

पण प्रदेशाला जागा मिळाली की आपलं काम झालं का? मराठवाड्याचा इतिहास तसं सांगत नाही. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारानं मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात निधी आणि नोकऱ्यांचा शब्द दिला. निजामी राजवटीत मागे पडलेल्या या भागावर पुणे-सातारकर कुरघोडी करतील, असा इशारा बाबासाहेबांनी १९५५ मध्ये भाषावार राज्यांवरच्या पुस्तकात दिला आणि मध्य महाराष्ट्राचं वेगळं राज्य सुचवलं. १९५६ मध्ये कलम ३७१(२) घटनेत आलं. त्यानुसार विकास मंडळ मिळायला १९९४ उजाडलं आणि २०२० मध्ये त्याची मुदतही संपली.

आणि मधल्या काळात काय घडलं? स्वतःला मागास म्हणवून मुंबईकडे वाटा मागणाऱ्या याच मराठवाड्यात १९७८ साली नामांतराच्या ठरावावरून दलित वस्त्या जाळल्या गेल्या. आपल्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळेंना ठार मारलं गेलं. प्रदेशाचा वाटा मागणाऱ्यांनी गावात आपल्याला माणूस म्हणूनही मोजलं नाही. उद्या 'आशियाची जागा' पुण्या-बंगळुरूच्या सवर्ण इंजिनिअरला मिळाली, तर तिच्यात मुदखेडची भीमवस्ती येईलच असं नाही.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. प्रदेशाच्या जागा लेखी नियमात हव्यात, आणि त्या जागांत जात, लिंग आणि भाषा यांचाही हिशेब हवा. पण नुसती मागणी करून चालणार नाही. आपली वस्ती नकाशावर आपणच टाकू, मराठी भाषांतरं करू, सभासद होऊ, मतदान करू, उमेदवारीही भरू. ठराव झाल्यावरही महाडला तळ्यापर्यंत चालत जावं लागलंच होतं.

त्या मुलीला आम्ही खरं तेच सांगितलं, "आज ठरवणारे दुसरे आहेत." ती म्हणाली, "मग आपण कधी?" याचं उत्तर आता तुम्ही-आम्ही द्यायचं आहे.

जय भीम!