आगगाडीचे अपघात आणि हिशेबाबाहेरचे मृत्यु

घरांतील मनुष्य लांबच्या प्रवासास निघाला म्हणजे 'पोहोंचल्याबरोबर कळवा' असें त्याला बजावण्याची रीत आपल्या घरांतून अद्यापि चालू आहे. पूर्वीं पत्र किंवा तार येई, आतां दूरध्वनीवरून दोन शब्द येतात. पण ते येईपर्यंत घरच्यांच्या जिवाला स्वस्थता नसते. त्यांतच एखाद्या अपघाताची वार्ता आली, एकावर एक चढलेल्या डब्यांचीं चित्रें पाहण्यांत आलीं, कीं आगगाडीचा प्रवास कितपत सुरक्षित आहे हा प्रश्न जो तो विचारूं लागतो. या प्रश्नाचें उत्तर भयानें देऊं नये, तसेंच अभिमानानेंही देऊं नये. तें इतिहासाला विचारावें असें आम्हांस वाटतें; कारण लोहमार्गावरील सुरक्षिततेचे बहुतेक नियम कोणत्या ना कोणत्या अपघातानेंच शिकविलेले आहेत.

या इतिहासाच्या पहिल्याच पानावर एक अपघात आहे. ता. १५ सप्टेंबर १८३० रोजीं इंग्लंडांत लिव्हरपूल ते मँचेस्टर हा लोहमार्ग मोठ्या समारंभानें खुला झाला. त्या वेळचे मुख्य प्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन गाडींत होते. वाटेंत पार्कसाइड येथें इंजिनांत पाणी घेण्यासाठीं गाडी थांबली. खालीं उतरूं नये अशी सूचना असतांही कित्येक मंडळी पाय मोकळे करण्यास उतरली. त्यांत पार्लमेंटचे सभासद विल्यम हस्किसन हे होते. ड्यूकशीं त्यांचें बिनसलें होतें. तें मिटवावें म्हणून ते त्यांच्या डब्यापाशीं गेले. इतक्यांत शेजारच्या रुळांवरून 'रॉकेट' नांवाचें इंजिन आलें. हस्किसन यांनीं डब्याचें दार धरलें. तें दार बाहेर उघडलें आणि ते इंजिनाच्या वाटेंत पडले. त्याच रात्रीं त्यांचा अंत झाला. हा मृत्यु गाडी घसरून, रूळ तुटून किंवा टक्कर होऊन आलेला नव्हता. दोन मार्गांमधील अपुरी जागा, उघडें दार आणि गोंधळलेला मनुष्य एवढ्यांनींच घात केला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

पुढील साठ वर्षांत गाड्या वाढल्या, वेग वाढला, पण व्यवस्था त्या मानानें वाढली नाहीं. एक गाडी सुटल्यावर ठराविक मिनिटांनीं दुसरी सोडावी अशी पुष्कळ ठिकाणीं वहिवाट असे. पुढची गाडी वाटेंत अडली, तर मागच्या गाडीस तें कळण्याचा मार्ग नसे. ता. १२ जून १८८९ रोजीं आयर्लंडांत आर्मा येथून सहलीस निघालेली एक गाडी चढावावर अडली. तिचे दोन भाग करून पुढचा भाग आधीं न्यावा असें ठरलें. गाडीला ब्रेक होता. पण इंजिनापासून डबे सोडवितांच तो निकामी होई. मागच्या डब्यांचा सगळा भार गार्डाच्या हातब्रेकावर आणि चाकांखालीं घातलेल्या दगडांवर आला. पुढचा भाग हालतांना मागें धक्का बसला, आणि ते डबे उताराला लागून मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारें ८० माणसें मेलीं. त्यांत मुलें पुष्कळ होतीं.

त्याच वर्षीं पार्लमेंटानें कायदा करून तीन गोष्टी सक्तीच्या करण्याची व्यवस्था केली. मार्गाच्या एका टप्प्यांत एका वेळीं एकच गाडी असावी. सांधे आणि सिग्नल यांची अशी गुंफण असावी कीं, सांधा चुकीचा असतां सिग्नल पडूंच नये. आणि गाडी मध्येंच तुटली तर ब्रेक आपोआप लागावा. या तिन्हींच्या मुळाशीं एकच विचार आहे. मनुष्य केव्हां ना केव्हां चुकणारच हें गृहीत धरावें, आणि त्याची चूक मृत्यूपर्यंत पोहोंचणार नाहीं अशी तजवीज व्यवस्थेंत आधींच करून ठेवावी.

आपल्याकडे ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी गेली आणि दहा वर्षांनीं लोहमार्ग भोर घाट चढून गेला. त्या घाटांत हाच विचार डोळ्यांना दिसतो. उतरती गाडी ताब्यांतून सुटली तर तिला उलट चढावावर नेऊन थांबविणारे फांटे तेथें बांधलेले आहेत. ब्रेक हांकणारा कितीही कुशल असो, त्याच्या कुशलतेवर सगळा डोंगर सोंपविलेला नाहीं. पुढें १९३७ च्या जुलैंत पाटण्याजवळ बिहटा येथें जलद गाडी घसरून शंभराहून अधिक माणसें दगावलीं, तेव्हां इंजिनांचे आणि रुळांचे दोष तपासण्यास समिति नेमली गेली. रेल्वेचे दोष दाखविणारा निरीक्षक रेल्वेच्याच हुकमतींत असूं नये हें तत्त्वही त्याच सुमारास मान्य झालें. १९४१ सालीं तें निरीक्षण रेल्वे बोर्डापासून वेगळें काढण्यांत आलें, आणि आज तें नागरी विमान खात्याच्या कक्षेंत आहे.

या सर्व खटाटोपाचें फळ मिळालें आहे हें कबूल केलें पाहिजे. रेल्वेच्या हिशेबीं गंभीर अपघात २०००-०१ सालीं ४७३ होते, ते २०२३-२४ सालीं ४० वर आले. आपल्या देशांत २०२२ या एका वर्षांत रस्त्यांवरील अपघातांनीं १ लक्ष ६८ हजारांहून अधिक माणसें मेलीं. गाडींत जागेवर बसलेला उतारू रस्त्यानें जाणाऱ्यापेक्षां पुष्कळच निर्धास्त आहे. शिकलेला धडा विसरला मात्र, कीं दैव पुन्हा परीक्षा घेतें. ता. २ जून २०२३ रोजीं बालासोरजवळ सिग्नल मुख्य मार्गाचा मिळाला आणि सांधा बाजूच्या मार्गाचा राहिला. कारण दुरुस्तीच्या कामांत तारांची जोडणी चुकली होती. २९० हून अधिक माणसें प्राणांस मुकलीं. आर्मानंतर कायद्यानें जी गुंफण मागितली, तीच येथें उसवली होती.

परंतु आमचें खरें म्हणणें याहून वेगळें आहे. वर दिलेला ४० चा आंकडा टकरा, घसरणी, आगी अशा गाड्यांच्या अपघातांचा आहे. रूळ ओलांडतांना चिरडलेला मनुष्य किंवा गर्दीच्या रेट्यानें दारांतून पडलेला उतारू त्यांत येत नाहीं. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीनें २०१२ सालीं सांगितलें कीं, रूळ ओलांडतांना दर वर्षीं सुमारें १५,००० माणसें मरतात आणि त्यांतील सुमारें ६,००० एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर मरतात. पुढें ही संख्या उतरली. तरीही २०२३ सालीं मुंबईंत या मार्गांवर २,५९० माणसें मेल्याचे आंकडे उच्च न्यायालयापुढें मांडले गेले. म्हणजे रोजचीं सात घरें. एकाच रात्रीं एवढीं माणसें गेलीं असतीं तर देश हादरला असता. सात-सात करून गेलीं म्हणून त्यांची वार्ता कोपऱ्यांत जाते.

यावर असें म्हटलें जातें कीं, हा त्यांचा स्वतःचाच दोष. रूळ ओलांडूं नये, दारांत उभें राहूं नये अशा पाट्या जागोजागीं लाविलेल्या आहेत. पाट्या आहेत हें खरें. पण पार्कसाइड येथेंही उतरूं नये अशी सूचना होतीच. कल्याण-डोंबिवलीकडून सकाळीं निघणारा कारकून दारांत लोंबकळतो तो हौसेनें नव्हे. आंत पाऊल ठेवण्यास जागा नसते आणि कचेरी वेळेवर उघडते. ता. ९ जून २०२५ रोजीं मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्या एकमेकींशेजारून जातांना दारांतले उतारू खालीं पडले. दोन मार्गांमधील तीच अपुरी जागा, तेंच उघडें दार! एकशें पंचाण्णव वर्षांपूर्वींचा पहिला धडाच आम्ही गिरविला नाहीं.

तो गिरविणें अशक्य नाहीं. २०१७ पासून मुंबईंत वातानुकूलित गाड्या बंद दारांनीं धांवत आहेत. मुंब्र्यानंतर साध्या गाड्यांनाही अशीं दारें बसविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. पण दारें मिटलीं तरी गर्दी मिटत नाहीं. गाड्या वाढविणें, लोक जेथें रूळ ओलांडतात तेथेंच पूल बांधणें आणि मार्गाला भिंत घालणें हीं कामें त्यांच्या जोडीला झालीं पाहिजेत. त्याहूनही आधीं हे मृत्यु गंभीर अपघातांच्या हिशेबांत धरले पाहिजेत. कारण ज्याची मोजदाद होते त्याचीच चौकशी होते, आणि चौकशीवांचून आजवर एकही नियम जन्मास आलेला नाहीं. 'पोहोंचल्याबरोबर कळवा' हे शब्द लांबच्या प्रवासास निघणाऱ्याला आपण आवर्जून सांगतों. रोज सकाळीं डबा घेऊन निघणाऱ्याला ते कोणी सांगत नाहीं. पण त्याच्याही घरीं संध्याकाळीं कोणी तरी दाराकडे पाहतच असतें.