पीपीटीचा आकार आणि स्लाइड-शोचा वेग

सादरीकरणाची फाइल डिस्कवर किती जागा व्यापते, यावर ती उघडायला, सेव्ह व्हायला आणि ईमेलने जायला लागणारा वेळ बराचसा ठरतो. स्लाइड-शो सुरू झाल्यावर ती अडखळेल की नाही, हे मात्र निव्वळ एमबी पाहून कळत नाही. त्या क्षणी पडद्यावर काय आणायचे आहे, यावर ते अवलंबून असते.

फोटोंचेच पाहा. ४००० × ३००० पिक्सेलचा फोटो जेपेग रूपात चार-पाच एमबीचा असू शकतो. तो दाखवण्यासाठी संगणकाला उलगडावा लागतो. दर पिक्सेलला ४ बाइट धरले, तर १.२ कोटी पिक्सेलना ४८ एमबी मेमरी लागते. एका स्लाइडवर असे दहा फोटो असले, की जुना लॅपटॉप धापा टाकू लागतो. फुल एचडी प्रोजेक्टर मात्र १९२० × १०८०, म्हणजे जेमतेम २१ लाख पिक्सेल दाखवतो. बाकीचा भार फुकट वाहिला जातो. फोटो क्रॉप केला तरी कापलेला भाग फाइलमध्ये तसाच राहतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

पॉवरपॉइंट २००७ पासून रूढ झालेली पीपीटीएक्स फाइल ही मुळात झिप फाइल असते. तिच्या प्रतीचे एक्स्टेंशन बदलून ‘झिप’ केले, की आतल्या ‘मीडिया’ फोल्डरमध्ये सगळे फोटो आणि व्हिडिओ आकारासह दिसतात. जड फाइलचे कारण बहुधा तिथेच सापडते.

उलट, दोनशे एमबीचा व्हिडिओ ग्राफिक्स चिपच्या मदतीने सुरळीत चालू शकतो आणि हजारो रेषांचा नकाशा, पारदर्शक आकार, मऊ सावल्या व त्यांवर ॲनिमेशन असलेली दोन एमबीची फाइल अडखळू शकते. अशा ठिकाणी सावल्या, पारदर्शकता, ॲनिमेशन असे दृश्य परिणाम कमी करणे हाच खरा उपाय.

फोटोंसाठी ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मधील १५० पीपीआय (दर इंचाला १५० पिक्सेल) पुरेसे आहे. १३.३३ इंच रुंदीच्या स्लाइडवर त्याचे सुमारे २००० पिक्सेल होतात. क्रॉप केलेले भाग काढून टाकण्याचा पर्यायही तिथेच निवडावा. फाइल पेनड्राइव्हवरून न चालवता संगणकावर उतरवून घ्यावी. मूळ फोटो वेगळे जपून ठेवावेत. कॉम्प्रेस करून सेव्ह केलेल्या फाइलमधून गेलेला तपशील परत मिळत नाही.